पूर्वेची खिडकी: एल्ड्रिज स्ट्रीटच्या सिनेगॉगमधला एक निर्णय

२००७ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या एल्ड्रिज स्ट्रीटवरचं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनागृह, पुन्हा उघडलं, तेव्हा वीस वर्षांहून जास्त काळ चाललेलं काम संपलं होतं आणि सुमारे २ कोटी डॉलर खर्ची पडले होते. छप्पर गळायचं थांबलं होतं. मोडकळीला आलेले जिने पुन्हा चढता येत होते. धुळीखाली गेलेली भिंतींवरची नक्षी दिसू लागली होती. पण आत येणाऱ्याची नजर सगळ्यात आधी जिथे जाते, नेमकं तिथलंच काम राहून गेलं होतं. पूर्वेच्या भिंतीत, तोरा या ज्यू धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या ठेवायच्या कपाटाच्या वर, एके काळी रंगीत काचेची गोल खिडकी होती. आता तिथे काचेच्या विटा होत्या. आपल्याकडे जुन्या इमारतींच्या जिन्यात किंवा न्हाणीघरात उजेडासाठी बसवतात ना, तसल्याच.

त्या जागी काय बसवायचं? मी जुन्या वास्तूंच्या जतनाचं काम करते, आणि या प्रश्नाइतकं शिकवणारं दुसरं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. बाकीच्या कामाबद्दल जरुरीपुरतंच सांगते, कारण मला या एका खिडकीबद्दल लिहायचं आहे.

आधी हे सिनेगॉग बांधलं कोणी ते. १८८१ मध्ये रशियाचा झार दुसरा अलेक्झांडर मारला गेला आणि त्याचं खापर ज्यूंवर फुटलं. दंगली, लुटालूट, पाठोपाठ जाचक कायदे, आणि गरिबी तर आधीपासूनची. पूर्व युरोपातली कुटुंबंच्या कुटुंबं जहाजात बसू लागली. १९२४ पर्यंत सुमारे २० लाख ज्यू अमेरिकेत पोहोचले आणि त्यांतल्या असंख्य लोकांचा पहिला मुक्काम पडला मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइडमध्ये. तिथल्या टेनेमेंट इमारतींचं वर्णन वाचताना गिरणगावातल्या चाळी आठवल्याशिवाय राहत नाहीत. एका खोलीत दहा माणसं, त्याच खोलीत शिलाई मशिन, त्याच खोलीत स्वयंपाक. आणि कोकणातून मुंबईला आलेल्यांनी जशी गावागावाची ग्रामस्थ मंडळं काढली, गाळे घेतले, तसंच इथेही झालं. पोलंड-रशियातल्या एकेका गावची माणसं एकत्र यायची, भाड्याच्या खोलीत किंवा दुकानाच्या माळ्यावर प्रार्थना करायची. मंडळाच्या नावातच गावाचं नाव असायचं. ‘आन्शे लुब्झ’ म्हणजे लुब्झची माणसं. तीही मंडळी पुढे एल्ड्रिज स्ट्रीटच्या मंडळात सामील झाली.

हे एल्ड्रिज स्ट्रीटचं मंडळ म्हणजे ‘काहाल अदात येशुरुन’. भाड्याच्या खोल्या आणि विकत घेतलेली जुनी चर्च सोडून, स्वतःची जागा घेऊन पायापासून मोठं सिनेगॉग उभं करणाऱ्या पूर्व युरोपीय ज्यूंमध्ये ते अगदी पहिल्यांपैकी. पुढाऱ्यांत सेंडर यार्मुलोव्स्की होता. स्थलांतरितांच्या ठेवी सांभाळणारा आणि जहाजाची तिकिटं विकणारा हा बँकर. आयझॅक गेलिस होता, कोशर, म्हणजे ज्यू आहारनियमांत बसणाऱ्या, मांसाचा मोठा व्यापारी. पण बाकडी भरायची ती शिंप्यांनी, टोप्या शिवणाऱ्यांनी आणि फेरीवाल्यांनी. जागा विकत घ्याव्या लागत. कपाटाजवळची जागा महाग, मागची स्वस्त. तरी छत सगळ्यांवर एकच.

४ सप्टेंबर १८८७ ला, रोश हशाना म्हणजे ज्यू नववर्षाच्या तोंडावर, दरवाजे उघडले. वास्तुकार पीटर आणि फ्रान्सिस हर्टर हे दोघे भाऊ स्वतः जर्मनीतून आलेले. त्यांनी दर्शनी भिंतीवर घोड्याच्या नालेसारख्या मूरिश कमानी, गॉथिक आणि रोमनेस्क घडण सगळं एकत्र आणलं. मधोमध मोठी गोल खिडकी, तिच्यात १२ छोटी वर्तुळं. इस्राएलच्या १२ वंशांची ती खूण, असं आलेल्यांना सांगतात.

आत गेलं की मात्र माझा जीव त्या खोट्या संगमरवरात अडकतो. साधं पाइनचं लाकूड रंगवून त्याचं महोगनी केलेलं आहे, प्लास्टरवर ब्रशने शिरा ओढून त्याचा संगमरवर केलेला आहे. खिशात पैसे बेताचे होते, पण देवाच्या घरात कमतरता दिसू द्यायची नव्हती. मग ती रंगाऱ्याच्या हातून भरून काढली. आपल्याकडच्या वाड्यांच्या दिवाणखान्यांत अशीच रंगवलेली महिरप सापडते तेव्हा मला त्या घरच्या माणसांबद्दल अशीच माया वाटते.

सणावारी गर्दी इतकी उसळायची की आवरायला पोलीस लागत. ओडेसाहून पिन्हास मिन्कोव्स्कीसारखा नामांकित गायक, म्हणजे कँटर, मोठ्या बोलीवर आणला गेला. मंडळाची इतिवृत्तं यिद्दिशमध्ये, पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या बोलीत, लिहिली जात. आत जागोजागी पिकदाण्या ठेवल्या होत्या, म्हणजे जमिनीवर थुंकू नये हेही सांगावं लागत होतं.

हे फार वर्षं टिकलं नाही. ज्यांच्या गाठीला पैसा जमला ते ब्रुकलिनला, ब्राँक्सला गेले. १९२४ च्या कायद्याने पूर्व युरोपातून येणारा ओघ जवळजवळ थांबवला. मग मंदी आली. खालच्या मजल्यावरच्या अभ्यासखोलीत, बेथ मिद्राशमध्ये, मूठभर माणसं प्रार्थना करत राहिली. ती कधीच बंद पडली नाही, हे मला फार मोठं वाटतं. वरच्या मुख्य दालनाला मात्र १९५० च्या दशकात कुलूप लागलं. त्याआधीच, १९४४ मध्ये, पूर्वेची खिडकी नादुरुस्त झालेली होती. रंगीत काचेची परत करून घ्यायची ऐपत मंडळाकडे नव्हती. त्यांनी काचेच्या विटा लावून भोक बुजवलं.

१९७१ मध्ये जेरार्ड वुल्फ या प्राध्यापकांनी ते वरचे दरवाजे ओढून उघडले. आत कबुतरं, बोटभर धूळ, गळक्या छपरातून आलेलं पाणी. त्यांच्या भोवती हळूहळू माणसं जमली. १९८० मध्ये शहराने इमारतीला वारसा वास्तू म्हणून मान्यता दिली. १९८६ मध्ये पत्रकार रोबर्टा ब्रँडिस ग्रॅट्झ यांच्या पुढाकाराने एल्ड्रिज स्ट्रीट प्रोजेक्ट ही संस्था उभी राहिली. १९९६ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. आधी छप्पर आणि पाया, मग जिने, मग काच, शेवटी रंग. पैसा येईल तसं काम. जतनाचं काम करणाऱ्या कुणालाही हा क्रम पाठ असतो.

आता खिडकीकडे येते. पूर्वेच्या भिंतीचं महत्त्व कोकणातल्या बेने इस्राएली ज्यू वाचकांना सांगायला नको. ज्याला आपल्याकडे हेखाल म्हणतात आणि अश्केनाझी, म्हणजे मध्य-पूर्व युरोपातले, ज्यू आरोन कोदेश म्हणतात, ते तोराचं कपाट नेहमी जेरुसलेमच्या दिशेच्या भिंतीला असतं. मुंबई-पुण्यात ती दिशा पश्चिम आणि न्यूयॉर्कमध्ये पूर्व. प्रार्थनेला उभा राहिलेला प्रत्येक माणूस त्या भिंतीकडे तोंड करून असतो. एल्ड्रिज स्ट्रीटचं कपाट अक्रोडाच्या कोरीव लाकडाचं, भोवती निळ्या रंगावर सोनेरी चांदण्या काढलेली भिंत, आणि या सगळ्याच्या डोक्यावर काचेच्या विटा. दुसरी कुठलीही खिडकी अशी असती तर हा प्रश्न इतका टोचला नसता.

आणि अडचण ही की जुनी खिडकी कशी होती हे कुणालाच ठाऊक नव्हतं. फोटो नाही, आराखडा नाही, वर्णन नाही.

वाटा तीन होत्या. पहिली, पश्चिमेची, म्हणजे दर्शनी भिंतीतली, खिडकी शाबूत आहे, तिच्यावरून अंदाज बांधून १८८७ सालची वाटेल अशी खिडकी बनवायची. बहुतेक लोकांना, आणि पैसे देणाऱ्यांना तर हमखास, हीच वाट आवडते. डोळ्यांना खटकत नाही, कुणी प्रश्न विचारत नाही. पण १९६४ च्या व्हेनिस सनदेत, जी आमच्या कामाची जवळजवळ पोथी आहे, स्पष्ट म्हटलेलं आहे की जिथे अंदाज सुरू होतो तिथे पुनर्स्थापना थांबली पाहिजे. अमेरिकी सरकारचे जतनाचे निकषही अंदाजाने घातलेल्या गोष्टींमुळे खोटा इतिहास उभा राहू नये असंच सांगतात. ही नुसती नियमाची गोष्ट नाही. पन्नास वर्षांनी एखादी विद्यार्थिनी त्या खिडकीखाली उभी राहून तिला १८८७ ची समजून प्रबंध लिहिणार असेल, तर आपण तिला फसवलेलं असतं.

दुसरी वाट, विटा तशाच ठेवायच्या. ही वाट वाटते तेवढी हास्यास्पद नाही, आणि म्हणूनच हे प्रकरण माझ्या मनातून जात नाही. कारण या सिनेगॉगचं बाकीचं सगळं जतन याच तत्त्वावर झालेलं आहे. त्यांनी इमारत पुसून १८८७ ला नेली नाही. गॅसची झुंबरं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विजेची केली गेली तेव्हा ती उलटी टांगली गेली होती. गॅसची ज्योत वर जाते, दिव्याचा उजेड खाली हवा असतो. जतन करताना ती उलटीच ठेवली. भिंतीचा एक तुकडा मुद्दाम न दुरुस्त करता सोडला, आतल्या लाकडी पट्ट्या आणि सुटलेलं प्लास्टर दिसावं म्हणून. आणि जमिनीच्या फळ्या बदलल्या नाहीत. त्या फळ्यांवर पाय ठेवून प्रार्थनेत मागेपुढे डुलणाऱ्या माणसांनी वर्षानुवर्षांत लाकडात खोलगट खळगे पाडले आहेत. पाइनचं लाकूड मऊ असतं, ते लक्षात ठेवतं.

इथे मला माझ्या गावचं देऊळ आठवतं. गाभाऱ्याच्या दगडी उंबऱ्याला मधोमध अशीच खाच होती, वाटीसारखी गुळगुळीत. लहानपणी आजीबरोबर जाताना मी त्या खाचेत बोटं फिरवायची, पावसाळ्यात तिच्यात पाणी साचायचं. मग जीर्णोद्धार झाला. वर्गणी निघाली, सगळ्यांनी मनापासून दिली, माझ्या वडिलांनीही दिली. उंबरा काढून पॉलिश केलेला ग्रॅनाइट बसवला. भिंतींना टाइल्स, खांबांना ऑइलपेंट. जुना उंबरा कुठे गेला म्हणून मी विचारलं तर कळलं, ओढ्यावर कपडे धुवायला टाकलाय. कुणाचाही हेतू वाईट नव्हता. देव नव्या घरात बसावा एवढंच त्यांना हवं होतं. मला मात्र त्या दिवसापासून ‘जीर्णोद्धार’ हा शब्द ऐकला की पोटात कालवतं, आणि या कामात मी पडले ती बहुधा त्या उंबऱ्यामुळेच.

म्हणून एल्ड्रिज स्ट्रीटच्या त्या फळ्यांसाठी मी तिथल्या लोकांना मनोमन हात जोडते. पण मग त्याच न्यायाने काचेच्या विटांचं काय? त्याही १९४४ चा इतिहासच होत्या. जेव्हा युरोपात त्यांचे सोयरे मारले जात होते आणि इकडे मंडळाच्या पेटीत पैसे नव्हते, त्या वर्षी या माणसांनी आपल्या भिंतीतलं भोक बंद ठेवलं. साठ-पासष्ट वर्षं तीच त्यांची पूर्वेची खिडकी होती. हे मी सहज ओलांडू शकत नाही.

संस्थेने तिसरी वाट धरली. नवी खिडकी करायची, आणि ती नवी आहे हे लपवायचं नाही. निवडक कलाकारांकडून कल्पना मागवल्या. शिल्पकार-चित्रकार किकी स्मिथ आणि वास्तुकार डेबोरा गान्स यांची निवड झाली. ऑक्टोबर २०१० मध्ये खिडकी बसली.

ती जवळून पाहण्यासारखी आहे, आणि कशी केली हे समजून घेण्यासारखीही. रंगीत काचेच्या जुन्या खिडकीत काचेचा प्रत्येक तुकडा शिशाच्या पट्टीत बसवलेला असतो. त्या काळ्या रेषा म्हणजे चित्राची बाह्यरेषाही आणि खिडकीचा सांगाडाही. शिसं मऊ आणि जड. शंभरेक वर्षांत ते वाकतं, फुगतं, काच सुटू लागते. मुंबईतल्या जुन्या चर्चमधल्या आणि पारशी बंगल्यांतल्या खिडक्यांवर काम करणाऱ्यांना हे रोजचं आहे. या नव्या खिडकीत काचेचे तुकडे सिलिकॉनने एकमेकांवर चिकटवले आहेत. रंगाचा पातळ थर असलेली काच घेऊन तो थर जागोजागी आम्लाने कोरून काढला आहे, त्यामुळे एकाच तुकड्यात निळा गडद होत जातो आणि फिका होत जातो. १,२०० हून जास्त तुकडे, सुमारे ६५० चांदण्या. व्यास १६ फूट, वजन जवळजवळ २,७०० किलो. वळत जाणाऱ्या पट्ट्यांचा सांगाडा तो भार पेलतो, आणि चांदण्या मध्यावरून बाहेर भिरभिरत गेल्यासारख्या दिसतात. मध्ये दाविदाचा तारा, ज्यूंची सहा टोकांची खूण, आहे.

त्या चांदण्या कुठून आल्या, हे कळल्यावर मला हा निर्णय पटला. खिडकीभोवतीच्या भिंतीवर १८८७ च्या पिढीच्या रंगाऱ्याने निळ्यावर सोनेरी पाच टोकांच्या चांदण्या काढलेल्या होत्याच. खिडकीने त्याच उचलल्या. भिंतीवरचं रंगवलेलं आकाश काचेत शिरलं आणि पलीकडून उजेड आला. जुन्या खिडकीची नक्कल करायची म्हटली तर आधार काहीच नव्हता. भिंत मात्र समोर होती. अंदाजाऐवजी त्यांनी पुरावा घेतला, आणि त्या पुराव्यातून २०१० ची म्हणून ओळखू येईल अशी गोष्ट केली.

विटांबद्दलचं माझं दुखणं तरीही पूर्ण जात नाही. पण फळी आणि वीट यांत एक फरक मी स्वतःशी मान्य केला आहे. फळीतला खळगा हा तिथे येणाऱ्या माणसांच्या भक्तीचा माग आहे, तो त्यांच्या अंगाने पडला. विटा त्यांनी लावल्या त्या नाइलाजाने, आणि परवडलं असतं तर दुसऱ्याच दिवशी काढल्या असत्या. १९४४ मधल्या कुणा सभासदाला २०१० मध्ये आणून विचारलं असतं, तर त्याने विटांसाठी हट्ट धरला असता असं मला वाटत नाही. तडजोडीची आठवण ठेवायला इतर मार्ग आहेत. ही कथा सांगितली जाते, हाही एक मार्गच. अर्थात माझ्याच शाखेतले काहीजण हा युक्तिवाद लंगडा म्हणतील, आणि तो ऐकून घ्यायची माझी तयारी आहे. नाइलाज हाही इतिहास असतो, हे त्यांचं म्हणणं मला खोडता येत नाही.

आपल्याकडे हाच प्रश्न वेगळ्या रूपात येऊन गेला. फोर्टातलं, काळा घोड्याजवळचं केनेसेथ एलियाहू हे सिनेगॉग १८८४ सालचं. बगदादहून आलेल्या ससून घराण्याने बांधलेलं, म्हणजे तेही स्थलांतरितांचंच. त्याच्या झगझगीत निळ्या रंगावरून मुंबईकर ते लांबून ओळखायचे. २०१९ मध्ये त्याचं जतन पूर्ण झालं, युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत त्याचा सन्मानही झाला, आणि तो ओळखीचा निळा मागे पडला. माझ्या कितीतरी ओळखीच्यांसाठी तोच निळा म्हणजे ते सिनेगॉग होतं. वास्तूचा खरा रंग कुठला, पहिल्या दिवसाचा की लोकांच्या आठवणीतला? रंग खरवडून बघितल्यावर पहिल्याचं उत्तर मिळतं. दुसऱ्याला प्रयोगशाळा नाही. पुण्यातलं १८६७ सालचं ओहेल दाविद तर लोकांच्या तोंडी आजही ‘लाल देऊळ’च आहे. उद्या त्याच्या विटांवर कुणी काही करायला निघालं, तर हे नाव विसरून चालणार नाही.

एल्ड्रिज स्ट्रीटचा मोहल्ला आता चायनाटाउनचा भाग आहे. सिनेगॉगच्या आजूबाजूला चिनी पाट्या, भाजीच्या टोपल्या, सुक्या माशांचा वास. इमारत आता संग्रहालय म्हणून चालते, आणि मूळ मंडळाची छोटीशी उपासनाही तिथेच होते. दर वर्षी रस्त्यावर जत्रा भरते, तिच्यात चिनी एग रोल, ज्यूंचं एग क्रीम आणि पोर्तो रिकोच्या लोकांचे एम्पानाडा एकत्र विकले जातात. (एग क्रीममध्ये अंडंही नसतं आणि साय तर नसतेच. दूध, सोडा आणि चॉकलेटचं सिरप एवढंच.) ज्यांची पोरंबाळं आज त्या रस्त्यावर खेळतात ते चीनच्या फूजियान प्रांतातून आलेले आहेत. शिवणकाम, खानावळी, गावच्या नावाची मंडळं, सगळं तेच.

मी तिथे गेले तेव्हा वर चढून आधी बाकड्यांच्या रांगेत शिरले. खिडकी नंतर बघायची असं ठरवलं होतं. फळीवरचा खळगा आधी बोटांनी चाचपला, मग त्यात पाय ठेवला. माझा पाय लहान, तो आत बुडाला. त्या खळग्यात टाच नीट बसवायची तर अंग एकाच दिशेला वळतं. मी वळले, आणि समोर पूर्व होती.